पिल्ले अंगणात कधी सोडावीत?
वाराणसीत जानेवारीत दाट धुके पडते, रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरतो. परसातल्या कोंबडीच्या पिल्लांसाठी हे दिवस कसोटीचे! अंगावरची मऊ लव थंडी अडवत नाही. ते काम पिसांचे. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची ‘कारी निर्भीक’ ही काटक जातही लहानपणी याला अपवाद नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५ अंश ऊब द्यावी, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी करावी. पाच-सहा आठवड्यांनी पिसे भरली की कोरड्या, उन्हाच्या दुपारी तासभर बाहेर सोडावे. संध्याकाळी आत घ्यावे. वेळ हळूहळू वाढवावा. पिल्ले एकमेकांवर चढू लागली, तर गारठली आहेत असे समजावे. घाई केल्यास एका रात्रीत तळाची पिल्ले गुदमरून दगावतात.