वाचवणारा नको, वाट हवी

चळवळीच्या अंकात व्हिडिओ गेमवर कशाला लिहायचं, असं विचारणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना आधीच सांगून टाकतो. ज्या गोष्टीपुढं आपल्या वस्तीतलं पोरगं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळे फोडत बसतं, ती गोष्ट राजकीय असते. आपण सिनेमावर लिहिलं, नाटकावर लिहिलं, तमाशावर लिहिलं. मग यावर कामून नाही? 'टाइमपास' म्हणून झटकून टाकलं की त्या पोराच्या डोक्यात काय भरलं जातंय ते बघायची जबाबदारी संपते. सोयीचं आहे. दुसऱ्या बाजूला आपलेच काही दोस्त आहेत, 'ग्राफिक्स काय खतरनाक आहेत यार' याच्यापुढं त्यांची गाडी सरकत नाही. दोघांनाही बाजूला बसवू आणि बोलू.

गेम आहे 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन २'. इन्सोम्नियॅक गेम्स या अमेरिकन कंपनीनं बनवलेला, सोनीनं विकलेला. पहिला भाग २०१८ चा. मधे २०२० साली माइल्स मोरालेस या पोराचा वेगळा गेम आला. हा दुसरा भाग २० ऑक्टोबर २०२३ ला प्लेस्टेशन ५ वर आणि ३० जानेवारी २०२५ ला कॉम्प्युटरवर आला. यात जुना गोरा पीटर पार्कर आहे, आणि माइल्सही आहे. माइल्सचा बाप काळा, पोलिसात होता, पहिल्या भागात मारला गेला. आई पोर्तो रिकोची. राहायला हार्लेममध्ये. बटण दाबलं की पीटरचा माइल्स होता येतं. मॅनहॅटनच्या जोडीला आता क्वीन्स आणि ब्रुकलिनही आलंय. असल्या गेमला 'ओपन वर्ल्ड' म्हणतात. खुलं जग. पाहिजे तिकडं जा.

कुणासाठी खुलं? आधी किंमत बघा. गेम आला तेव्हा भारतात मशीन ५४,९९० रुपयांना होतं आणि वरून गेम ४,९९९ ला. मी मंठ्याचा, जालना जिल्ह्यातला. आमच्याकडून दसरा-दिवाळीनंतर माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांच्या लेकरांना ह्या खुल्या जगाचा दरवाजा दिसतो तो मोबाइलवर. दुसरा कुणीतरी खेळतो, त्याचं खेळणं यूट्यूबवर बघायचं. आमच्या निम्म्या पोरांनी हा गेम असाच 'खेळलाय'. मी स्वतः पुण्यात पार्लरवर तासाचे पैसे मोजून आणि एका दोस्ताच्या मशीनवर संपवला. गोष्ट पंधरा-वीस तासांत उरकते. म्हणजे फुकट्यासारखं बोलत नाही. पैसे भरून बोलतोय.

आणि पैसे भरून सांगतो, झोका हा या गेमचा जीव आहे. ट्रिगर दाबून धरला की धागा समोरच्या इमारतीला चिकटतो. देह खाली येतो, रस्त्यावरच्या गाड्यांच्या टपाला पाय लागतील इतका खाली. नेमक्या तळाला सोडलं की पुढं आणि वर फेकला जातो. लवकर सोडलं तर वेग मरतो. आळशीपणा चालत नाही, अंदाज यावा लागतो. या भागात नवीन आलेत ते बगलेतले पंख. ईस्ट रिव्हरवर धागा चिकटवायला इमारत नाही, तिथं पंख उघडायचे आणि नदी ओलांडायची. तिकीट नाही, दार नाही, वॉचमन नाही. पहिल्या तासात मी एकही मिशन केलं नाही. नुसता फिरलो.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा आईला मोबाइलवर हे दाखवलं. बराच वेळ तिनं बघितलं आणि विचारलं, "ह्याला कुणी अडवीत न्हाई का रं?"

दोस्तांनो, जगातल्या एकाही गेम समीक्षकाला हा प्रश्न पडला नसेल. मंठ्याहून रेल्वे पकडायची तर परतूर गाठावं लागतं. जालना साठेक किलोमीटर, एसटीनं. हे झालं दगडावर लिहिलेलं अंतर. दुसरं अंतर कुठल्याच दगडावर नसतं. वरात कुठल्या गल्लीतून न्यायची, मयत कुणाच्या बांधावरून न्यायचं, कुठल्या पारासमोर गाणं बंद करायचं, मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत हे लेकराला चालायला शिकवतानाच शिकवतात. शहरात आलं की तेच अंतर आडनाव विचारतं आणि खोली नाही म्हणतं. ज्यांची वाट कधीच कुणी अडवली नाही त्यांना झोका म्हणजे मजा. आपल्याला तो मजेपेक्षा जास्त आहे. म्हणून त्याला मी नावं ठेवणार नाही.

भंकस सुरू होते ती झोका संपून पाय जमिनीवर टेकल्यावर.

खाली माणसं आहेत. शेकडो. चालतात, फोटो काढतात, हात मिळवतात, 'स्पायडर-मॅन' म्हणून हाका मारतात. आणि मार खायची वाट बघतात. दर दोन मिनिटांनी कुठंतरी गुंड येतात, माणसं हात वर करून बसतात, आपण वरून पडायचं, ठोकायचं, निघायचं. माइल्सच्या दोस्तानं एक ॲप काढलंय. लोकांनी त्यावर अडचण टाकायची आणि स्पायडर-मॅननं यायचं. म्हणजे काय, अर्ज करा आणि वाट बघा! तहसीलच्या पायऱ्यांवर आपल्या बापजाद्यांनी दुसरं काय केलं? एवढं मोठं शहर, पण चार माणसं एकत्र येऊन एका गुंडाला आडवं करतात असं रस्त्यावर घडताना मला दिसलं नाही. ताकद सगळी एकाच्या मनगटात, बाकीचे टाळ्या वाजवायला. ही शिकवण बटणांतून बोटांत उतरते. भाषणापेक्षा खोल उतरते.

गंमत अशी की या गेमची गोष्ट नेमकी याच्या उलट बोलते. पीटरच्या अंगावर एक काळा जिवंत पोशाख चढतो. ताकद वाढते आणि माणूस उद्दाम होत जातो, स्वतःच्याच माणसांवर गुरकावतो. त्याचा मित्र हॅरी आजारी आहे, 'जग बरं करायचं' या ध्यासानं पेटलेला. तोच हॅरी पुढं व्हेनम होतो आणि सगळ्या जगाला आपल्यासारखं करून बरं करायला निघतो. उद्धारक गिळायला लागतो तो असा. असले उद्धारक आपण खादीत बघितलेत, भगव्यात बघितलेत, निळ्यातसुद्धा बघितलेत. लेखकांना हे कळलंय. पण गोष्ट संपली की गेम पुन्हा म्हणतो, जा, वाचव. तोंडानं एक शिकवायचं आणि हातानं दुसरंच करून घ्यायचं, हा या गेमचा खरा दोष आहे. तांत्रिक दोष यापुढं किरकोळ.

पोलिसांचंही बोललं पाहिजे. २०१८ च्या भागात शहरभर पोलिसांसाठी टेहळणीचे मनोरे होते, बड्या कंपनीनं बांधलेले. स्पायडर-मॅननं ते दुरुस्त करत हिंडायचं आणि वर स्वतःला गमतीनं 'स्पायडर-कॉप' म्हणवून घ्यायचं. आता आठवा, १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली ती कशातून? गस्त घालणाऱ्या पोलिसांवर नजर ठेवण्यातून. त्यांचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पोलिसांवर नजर ठेवणं कुठं आणि पोलिसांसाठी नजर लावून देणं कुठं! दुसऱ्या भागात ते मनोरे गेले. पहिल्या भागातली पोलीस कॅप्टन युरी वर्दी उतरवून स्वतःच्या हिमतीवर लढताना भेटते. ही सुधारणा आहे, मान्य करतो.

पण हार्लेम बघा. चकचकीत. चोरीला गेलेल्या संगीताच्या वस्तू परत आणायच्या, संग्रहालय उभं करायचं. चांगलंय. याच हार्लेममध्ये जुलै १९६४ मध्ये लोक रस्त्यावर उतरले होते, कारण एका पोलीस अधिकाऱ्यानं जेम्स पॉवेल या पंधरा वर्षांच्या काळ्या पोराला गोळी घातली होती. माइल्स जवळपास त्याच वयाचा. तो राग या हार्लेममध्ये कुठल्या गल्लीत ठेवलाय? मला सापडला नाही. त्यांना संगीत चालतं, सण चालतो, राग चालत नाही. आपल्याकडंही जयंतीची मिरवणूक कौतुकानं बघणारे मोर्चा दिसला की खिडकी लावतात. आणि एवढा खर्च करून पोर्तो रिकोच्या बाईच्या घरात झेंडा लावला तो क्युबाचा! बोंब झाली तेव्हा कंपनीनं चूक मान्य करून बदलला. निळा दिसला म्हणून कुठलाही कपडा आपल्या घरावर लावावा, तसला हा प्रकार.

तरी आपल्याकडच्या नकलेपेक्षा तो बरा. २००४ साली 'स्पायडर-मॅन : इंडिया' कॉमिक निघालं. गावाकडून मुंबईत आलेला पवित्र प्रभाकर. अमेरिकेत पीटरला कोळी चुकून चावला. चावताना त्यानं कुळी विचारली नाही, म्हणूनच तर पुढं माइल्सलाही चावू शकला. आपल्याकडं मात्र योगी प्रकट होतो आणि शक्ती बहाल करतो. अपघातसुद्धा इथं आशीर्वादाशिवाय होऊ देत नाहीत, साले.

मग या गेममध्ये घेण्यासारखं काय? तीन छोट्या जागा. एक, हावर्ड नावाचा बेघर म्हातारा आपली कबुतरं नव्या जागी पोचवायला सांगतो. त्यांच्यासोबत शहरावरून उडायचं, बस. परत येईस्तोवर बाकावरचा म्हातारा गेलेला असतो. ठोकाठोकी नाही, वाचवणं नाही. दोन, हेली. ऐकू न येणारी, भिंती रंगवणारी पोरगी. थोडा वेळ आपण तीच होतो. आवाज जवळजवळ जातो, अंगात कसलीही जादू नाही, आणि काम होतं. तीन, शेवट. पीटर बाजूला होतो, शहर माइल्सवर सोपवतो. जुन्यानं वेळेवर खुर्ची सोडल्याचं दृश्य आपल्या पुढाऱ्यांना सक्तीनं दाखवलं पाहिजे.

आणि हे बनवणाऱ्यांचं काय झालं? एप्रिल २०२४ पर्यंत १ कोटी १० लाख प्रती खपल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोनीनं सुमारे ९०० कामगारांना घरी पाठवायचं जाहीर केलं. त्यात हा गेम बनवणाऱ्या इन्सोम्नियॅकचीही माणसं होती. त्यांना वाचवायला वरून कुणी उडी मारली नाही. कामगारांसाठी कुठलंच ॲप नव्हतं.

माझा निकाल ऐका. पूर्ण किमतीत घेऊ नका. चौघांत मिळून घ्या, वाटून खेळा. त्या तीन जागा चुकवू नका, बाकीचे गुंड ठोकत बसू नका. झोका मात्र मनसोक्त घ्या, तो आपल्या हक्काचा आहे. आणि ज्यांना कॉम्प्युटर येतो त्या पोरापोरींना सांगणं आहे : असला नायक पुन्हा बनवू नका. २० मार्च १९२७ ला माणसं महाडच्या चवदार तळ्याकडं चालत गेली. बाबासाहेब पुढं होते, पण पाणी प्रत्येकानं स्वतःच्या ओंजळीनं घेतलं. कुणाला कुणी उचलून नेलं नाही. एका बटणानं एक माणूस उडवणारे गेम जगाकडं ढिगानं आहेत. हजार माणसं चालवणारा बनवा. आई विचारते त्या प्रश्नाचं उत्तर त्यात असू द्या : अडवतात, तरी आम्ही जातो.