आजोबांची चिलीम कोणाच्या वाट्याला?

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या घरात वाटणी होते, तेव्हा बांधाकडची वीतभर जमीन, विहिरीवरच्या पाण्याच्या पाळ्या, सामाईक आंब्याचे झाड, पितळेचे हंडे यांतले काहीही नजरेतून सुटत नाही. सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतात, एखादा दावा घोडेगावच्या कोर्टात वर्षानुवर्षे रेंगाळतोही. पण भिंतीतल्या देवळीत किंवा माळ्यावरच्या पेटीत पडून असलेली आजोबांची चिलीम, कापडी चंची, चकमक, चुन्याची डबी यांवर कोणी हक्क सांगत नाही. कौलारू घर पाडून स्लॅबचे बांधायला काढले की माळा रिकामा होतो. मग पितळ मोडीत जाते, माती उकिरड्यावर आणि कापड चुलीत. नातवंडांपैकी एखाद्याला जुन्याची हौस असलीच, तर तो चिलीम पुसून-घासून शहरातल्या फ्लॅटच्या शोकेसमध्ये मांडतो. माझ्या मते, फेकून देणे आणि मिरवणे हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. तंबाखूशी नाते असलेली ही वस्तू घरात ठेवावी, मात्र तिची खरी हकिकत लिहून ठेवावी, आणि त्या हकिकतीत आजोबांच्या व्यसनाला सूट देऊ नये.

ही वस्तू किती बोलकी असते ते आधी पाहू. चिलीम कुंभाराच्या हातची, मातीची. तंबाखू ओढीबरोबर तोंडात येऊ नये म्हणून आत एक लहान खडा, आणि खालच्या टोकाला ओल्या फडक्याची छापी. काडेपेटी महाग किंवा दुर्मीळ होती तेव्हा गारगोटीवर पोलाद घासून सावरीच्या कापसावर ठिणगी घेत. भात लावणीच्या पावसात हे सगळे कोरडे राखणे हेच एक कसब होते. तंबाखू बाजारातून विकत आणावी लागे. म्हणजे नाचणी-वरईवर जगणाऱ्या डोंगरकपारीतल्या घरातूनही थोडा का होईना रोख पैसा दर बाजाराला बाहेर पडत होता. तो हिरड्याचा होता की मजुरीचा, हे त्या घरातल्या म्हाताऱ्यांनाच सांगता येईल, आणि त्यांना विचारायचे दिवस फार उरलेले नाहीत. शिवाय चिलीम एकट्याची नसे. ती पारावर हातोहात फिरे, पण कोणाच्या हातापर्यंत फिरायची हे ठरलेले असे. काहींना ती मिळे, काहींना स्वतःची वेगळी आणावी लागे, काही जण छापी बदलल्याशिवाय तोंडाला लावत नसत. जातीचा नकाशा गावठाणाच्या रचनेत जितका स्पष्ट दिसतो तितकाच या फडक्यातही दिसतो. वाळीत टाकलेल्या माणसाचे हुक्कापाणी बंद होई, आणि ही काही फार जुनी गोष्ट म्हणता येत नाही, कारण सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. पणजोबांच्या चिलमीबद्दल ‘ती कोणाकोणात फिरत होती’ एवढे जरी घरात कोणी सांगू शकले, तरी ते गावाच्या इतिहासाचे एक पान आहे.

जपणुकीचे काम संग्रहालयांवर सोडावे, असे कोणी म्हणेल. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि पुढे तो सरकारच्या स्वाधीन केला. दिवे, अडकित्ते, हुक्के, पानाचे डबे अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंकडे त्यांनी पाहिले, हे त्यांचे मोठेपण वादातीत आहे. पण संग्राहकाची नजर कारागिरीवर जाणार हे स्वाभाविक आहे. तिथे पोहोचते ती नक्षीची वस्तू, आणि नक्षी परवडे ती वाड्यांना. भीमाशंकरच्या डोंगरातल्या कोळी किंवा ठाकर म्हाताऱ्याची काजळलेली, नक्षी नसलेली चिलीम तिथवर जाण्याचा संभव कमी, आणि गेलीच तरी वापरणाऱ्याचे नाव वाटेतच गळते. या पट्ट्यात तर हे दुहेरी घडले आहे. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे या पाच धरणांनी पूर्वेकडचा भाग ओलिताखाली आणला आणि पश्चिमेकडची घरे उठवली. ज्या आंबेगावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते गावच डिंभ्याच्या जलाशयात आहे. उठलेल्या घरांनी काय बरोबर घेतले असेल? जात्यापासून देवांच्या टाकांपर्यंत जे हलवता आले ते. अशा ठिकाणी आजोबांच्या खिशात मावणारी वस्तू हाच कधी कधी जुन्या घराचा एकमेव पुरावा उरतो, आणि तो घरच्यांनीच जपायचा आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप आरोग्याचा आहे, आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. तंबाखूने माणसे मरतात. मग तिच्या साधनांना मानाचे स्थान कशाला? २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे दिसले. पण त्याच सर्वेक्षणात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के आहेत, आणि तंबाखू चघळणारे किंवा मिश्री-तपकिरीसारख्या बिनधुराच्या रूपात घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आजचे संकट टपरीवरच्या पुडीत आहे. गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही ते आटोक्यात आलेले नाही, त्याचे खापर माळ्यावरच्या चिलमीवर फोडण्यात अर्थ नाही. मात्र याच आकड्यांमुळे एक गोष्ट मान्य करावी लागते. चिलीम निरुपद्रवी झाली असली तरी चंची आणि चुन्याची डबी झालेली नाही. ती वापरण्याची रीत घरात अजून जिवंत आहे, नातवाला ती शिकवावी लागत नाही. म्हणून ज्या घरात आजही तंबाखू मळली जाते, तिथे चंची आठवण म्हणून टांगून ठेवण्याआधी दोनदा विचार करावा. माझा आग्रह वस्तू टांगण्याचा नाहीच. बंद पेटीत, कागदासह ठेवलेली वस्तू कोणाला व्यसन लावत नाही. उलट ‘आजोबा शेवटची दोन वर्षे खोकत होते’ हे वाक्य त्या कागदावर असेल, तर पाकिटावरच्या चित्रापेक्षा घरातल्या पोरावर त्याचा परिणाम अधिक होईल.

खरी हकिकत लिहायची ती आणखी एका कारणासाठी. न लिहिलेल्या वस्तूला दंतकथा चिकटतात, आणि शिवनेरीच्या पायथ्याशी त्या चिकटायला वेळ लागत नाही. ‘शिवकाळातली’ म्हटले की पितळेचा भाव वाढतो. तंबाखू मुळात अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांमार्फत इकडे आलेली. मुघल दूत असद बेगने १६०४ च्या सुमारास विजापुरातून ती अकबराच्या दरबारात नेली, तेव्हा तिथे ती नवलाईची ठरली; १६१७ मध्ये जहांगिराने तिच्यावर मनाईही केली. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. त्यामुळे शिवकाळात दख्खनमध्ये तंबाखूची चिलीम असणे शक्य आहे, पण पाचशे वर्षांपूर्वीचा तंबाखूचा हुक्का कोणी दाखवू लागला तर तो नम्रपणे परत करावा. आपल्या घरातली वस्तू बहुधा ऐंशी-शंभर वर्षांची असते आणि तेवढे वय पुरेसे आहे. ती शंभर वर्षांची ठरली, तर १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही, हे परदेशी स्थायिक झालेल्या नातवंडांच्या कानावर घालून ठेवावे. कागदावर काय असावे? वापरणाऱ्याचे नाव, गाव आणि वाडी, वस्तू कुठून आणली, कोण वापरत होते, केव्हा सुटली किंवा का सुटली नाही. साध्या वहीचे एक पान, आणि ज्याने सांगितले त्याचेही नाव.

राहिला वाटणीचा प्रश्न. चिलमीचे तुकडे करून भावंडांत वाटता येत नाहीत. रीत अशी की अशी वस्तू थोरल्या मुलाकडे, त्याच्याकडून त्याच्या मुलाकडे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला, पण आजोबांच्या चिलमीसाठी नातीला कोणी विचारत नाही. खरे तर जी किंवा जो हकिकत लिहील, त्याच्याकडे वस्तू जावी. रक्ताच्या क्रमापेक्षा हा निकष अधिक न्याय्य आहे. आणि हकिकत लिहायला बसलेल्या नातीला लवकरच दुसरी डबी सापडेल. डोंगरपट्ट्यात काय किंवा नारायणगाव-मंचरच्या बागायती गावांत काय, भाजलेल्या तंबाखूची मिश्री पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी लावली. पहाटे कामाला लागण्याआधी, भूक मारायला, दात दुखतो म्हणून. ती डबी बहुतेक वेळा औषधाची किंवा पावडरची रिकामी डबी असे, तिला नक्षी नव्हती आणि तिच्याभोवती पारावरच्या गप्पाही नव्हत्या. आजोबांच्या चिलमीला वारस शोधताना आजीची ती पत्र्याची डबी घर आवरताना कोणी आणि केव्हा फेकली, हेही त्याच पानावर लिहावे लागेल.