माळवदाखालचा इतिहास

१२ जानेवारीला मी आमच्या मंठ्याहून सिंदखेडराजाला गेले होते. लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचे जन्मस्थान! त्या भव्य दरवाजापुढे मान आपोआप लवली. परतताना मात्र एका प्रश्नाने मनात घर केले. या भिंती ज्यांनी रचल्या, ती माणसे स्वतः कोणत्या घरांत राहत होती? आणि त्या घरांचे आज काय उरले आहे?

हा प्रश्न मला पडण्यास कारण आहे. माझे आजोबा वाड्यांच्या माळवदांवर माती टाकायला जात. बैठकीत बसण्याचा योग त्यांना कधी आला नाही. पण तिच्यावरचे छत का गळत नाही, हे मालकापेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. इतिहासाच्या पुस्तकात मी वाड्यांचे मालक वाचले. आजोबा कुठे भेटले नाहीत.

घरांची शैली म्हटली की आपल्याला कमानी आणि नक्षीदार खांब आठवतात. माझ्या मते शैली जन्मते ती पाऊस, ऊन आणि हाताशी असलेले सामान यांतून. कोकणात पाऊस धो धो, म्हणून उतरती छपरे आणि जांभ्याच्या भिंती. आपल्या मराठवाड्यात पाऊस बेताचा, ऊन कडक. म्हणून काळ्या दगडाच्या रुंद भिंती आणि सपाट माळवद. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडे, मग पाला-काड्यांचा थर आणि वर पांढरी माती. पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा माती टाकून ती चोपायची. भिंतीत बळद, जमिनीत धान्याचे पेव. वाडा असो की दोन खणांचे घर, विद्या एकच. वाड्याला ढाळज आणि चौक असे, आमच्या घराला अंगण, एवढाच फरक.

मात्र या विद्येचे गोडवे गाताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरून चालणार नाही. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे अशाच घरांखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या रुंद भिंतींच्या दोन्ही बाजूंना एकत्र बांधणारे लांब दगड त्यांत नव्हते आणि वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीने माळवदे जड झाली होती. तेव्हा 'जुने ते सोने' असे मी डोळे मिटून म्हणणार नाही.

यंदा आम्हाला घरकुल मंजूर झाले. जुने घर पाडायचे ठरले, तेव्हा मी वडिलांना अडवले नाही. आजोबा थकल्यापासून आमचेच माळवद गळते. रात्रभर गळतीखाली भांडी मांडणाऱ्या आईला 'वारसा जपा' असे कोणत्या तोंडाने सांगू? पण पाडण्यापूर्वी मी टेपने भिंती मोजल्या, खण मोजले आणि आजोबा सांगत गेले तसे मातीचे थर वहीत उतरवले. पांढरी माती कशी ओळखायची हे सांगताना आजोबा एखाद्या प्राध्यापकासारखे बोलत होते. इतकी वर्षे त्यांना हे कोणी विचारलेच नव्हते.

अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन येथील घर वाचवण्यासाठी महिलांच्या एका संस्थेने १८५८ साली ते विकत घेण्याचा करार केला. आज तिथे मालकाच्या दालनांबरोबरच गुलामांच्या राहण्याच्या जागाही पुन्हा उभारून दाखवतात. घराचा इतिहास म्हणजे केवळ मालकाचा इतिहास नव्हे, हे त्यांनाही उशिराच उमगले. आपण तितका उशीर का करावा?

माझी सूचना साधी आहे. प्रत्येकाने सुट्टीत आपल्या गावातील एका जुन्या घराचा नकाशा, त्याच्या भागांची नावे आणि ते बांधणाऱ्यांच्या आठवणी लिहून आणाव्यात. इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्या वह्या ग्रंथालयात जपाव्यात. त्यासाठी अनुदान लागत नाही. एक टेप, एक वही आणि आजोबांजवळ बसायला थोडा वेळ लागतो. सिंदखेडराजाच्या वाड्याला सरकारचे संरक्षण आहे. आमच्या दोन खणांना माझ्या वहीची चार पानेच आहेत.