भोपाळची माती विषारीच आहे!

कामगार बंधूंनो, आमच्या जबलपूरच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फटकारले, तेव्हा कुठे युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा पिथमपूरला नेऊन २०२५ मध्ये जाळला. एवढ्याने हात झटकायचे? २०१० साली नीरी व एनजीआरआय या सरकारी संस्थांनीच सांगितलेल्या ११ लाख टन दूषित मातीचे काय? क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड झिरपून वस्त्यांच्या हातपंपांत उतरले. जमिनीत नळ्या घालून पंपाने ही वाफ ओढता येते, कोळशाच्या गाळणीत अडवता येते. पारा नि कीटकनाशके मात्र अशी निघत नाहीत. तिथे माती उपसावीच लागेल. खर्च? कार्बाइड विकत घेणाऱ्या डाऊकडून वसूल करा. १९८४ च्या त्या रात्री गाडी वेळेआधी सोडून प्रवासी वाचवणारे गुलाम दस्तगीर आपलेच रेल्वेवाले होते. महासंघाने ही मागणी दिल्लीत लावून धरावी.

– सचिव, मदन महल शाखा