काटकसरीचं बिल कोण भरतं?



‘पुढच्या महिन्यात बघू हं!’ हे वाक्य ज्याने कधीच ऐकलं नाही, असं मूल शोधूनही सापडायचं नाही. नवे बूट मागा, सायकल मागा, सहलीचे पैसे मागा, उत्तर ठरलेलं! मग आपण काय करतो? गाल फुगवतो, नाहीतर ‘त्याच्या घरी बघ कसं लगेच आणलं’ असं सुनावून मोकळे होतो. आज आपण या वाक्याच्या जरा पोटात शिरू या. ज्या घरात आई-बाबा दोघंही नोकरीला जातात, किंवा एकट्या आईच्या वा एकट्या बाबांच्या पगारावर सगळं चालतं, त्या घरातली काटकसर कशी असते, तिला काय काय लागतं आणि त्यात तुमचा वाटा किती, हे आजचं आपलं गणित.

पगार महिन्यातून एकदा येतो, पण खर्च काही महिन्याच्या शिस्तीत येत नाहीत. जून उजाडला की वह्या, दप्तर, रेनकोट, गणवेश, शाळेची फी सगळं एकदम दारात उभं. मग गणपती, पाठोपाठ दिवाळी, मध्येच विम्याचा हप्ता आणि आजीचं औषध. शहाणं घर काय करतं? वर्षाचा मोठा खर्च बाराने भागतं. समजा, जूनमध्ये तुमच्या शाळेपायी १२ हजार रुपये लागतात. तर आधीच्या जुलैपासूनच दरमहा हजार रुपये बाजूला पडायला हवेत. म्हणजे ऑगस्टमध्ये तुम्ही बूट मागता, तेव्हा आईच्या हातात पैसे दिसत असले तरी त्यातले हजार तुमच्याच पुढच्या जूनचे असतात. ‘पुढच्या महिन्यात बघू’ याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो.

पूर्वी पुष्कळ घरांत पगार झाला की पाकिटं व्हायची. किराणा, दूध, लाइट बिल, शाळा, औषधं, आणि एक ‘अडीअडचण’ असं लिहिलेलं. एका पाकिटातले पैसे दुसऱ्यात घालायचे नाहीत, हा नियम. पाकीट पातळ झालं की हाताला आपोआप कळायचं. आता पगार थेट बँकेत जमा होतो. २०१६ साली यूपीआय सुरू झालं, आणि मग भाजीवाल्यापासून पाणीपुरीवाल्यापर्यंत सगळीकडे मोबाइलवरून पैसे देता येऊ लागले. सोय मोठी झाली, पण पाकीट पातळ झाल्याचं हाताला कळेनासं झालं. दहा-वीस रुपये दिवसातून चारदा गेले, तर रात्री आठवतही नाहीत. म्हणून जुन्या पाकिटांच्या जागी आता एक साधी वही हवी. रोज रात्री दोन मिनिटं, दिवसभराचा खर्च एका ओळीत. ही वही ठेवण्याचं काम घरातल्या शाळकरी माणसाला उत्तम जमतं. बेरीज पक्की होते, हा वरचा फायदा!

आता खरी गंमत. गंमत म्हणा किंवा गोम म्हणा. पैशांची काटकसर फुकट होत नाही. तिचंही बिल येतं, आणि ते पैसे देऊन नव्हे, वेळ देऊन भरावं लागतं.

उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या घरी रात्रीच्या जेवणाला १२ पोळ्या लागतात. पोळी-भाजी केंद्रात एक पोळी १० रुपयांना मिळते असं धरू. घरी केली तर कणीक, तेल, गॅस मिळून ३ रुपये धरू. म्हणजे एका पोळीमागे ७ रुपये वाचले, रोजचे ८४. महिन्यातून २५ दिवस हे केलं तर २१०० रुपये. वा! पण थांबा, उदाहरण संपलेलं नाही. कणीक भिजवणं, लाटणं, भाजणं आणि ओटा पुसणं यांना मिळून पाऊण तास लागतो असं समजा. २५ दिवसांचे झाले जवळजवळ १९ तास. हे १९ तास कुणाचे? आठ-नऊ तास काम करून, बस-लोकलचे धक्के खाऊन आलेल्या माणसाचे. बहुतेक घरांत आईचे.

मुंबईच्या लोकलमध्ये संध्याकाळी बायकांच्या डब्यात कधी गेला असाल तर पाहिलं असेल. मांडीवर पिशवी घेऊन कुणी मेथी निवडत असतं, कुणी गवार मोडत असतं, कुणी लसूण सोलत असतं. निवडलेली, चिरलेली भाजी विकत मिळते, पण ती महाग. म्हणून पैसे वाचवायचे आणि त्यासाठी लागणारा वेळ गाडीतल्या विश्रांतीतून काढायचा. लोकांना त्यात कौतुक वाटतं. कौतुक जरूर करावं. पण ती भाजी घरी आल्यावर निवडायला कुणी मोकळं असतं, तर त्या बाईने गाडीत डोळे मिटले असते, हेही लक्षात ठेवावं.

म्हणून काटकसरीचे तीन ढीग करू या.

पहिला ढीग, जिला वेळ लागत नाही अशी काटकसर. इथे विज्ञान कामाला येतं. १००० वॉटचं उपकरण एक तास चाललं की विजेचं एक युनिट होतं. आता करा हिशोब. ९ वॉटचा एलईडी दिवा एका युनिटात सुमारे १११ तास जळतो. ७५ वॉटचा पंखा १३ तासांहून थोडा जास्त फिरतो. आणि २००० वॉटचा गिझर? फक्त अर्धा तास! तेव्हा दिवा विसरलात म्हणून बोलणी खाल्लीत तरी चालेल, पण गिझर विसरू नका. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, १०१ ते ३०० युनिटांचा त्याहून बराच जास्त. म्हणजे शेवटची वाचलेली युनिटं सगळ्यात महागातली असतात. पुढचं बिल आलं की स्वतः वाचून बघा.

कुकरचंही तसंच. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून आतलं पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं आणि डाळ लवकर शिजते. एकदा दाब धरला की गॅस बारीक करायचा. भसाभस शिट्ट्या म्हणजे आपण पैसे देऊन तयार केलेली वाफ खिडकीबाहेर! राजमा, छोले, हरभरे रात्री भिजत घातले तर आणखी लवकर शिजतात. भिजत घालायला एक मिनिट लागतं, फक्त कुणीतरी आठवण ठेवायला हवी.

दुसरा ढीग, जिला वेळ लागतो अशी काटकसर. पोळ्या, डबा, भाजी निवडणं, उसवलेलं दप्तर शिवणं, जुन्या वह्यांची कोरी पानं दाभण-दोऱ्याने शिवून कच्ची वही करणं, गेल्या वर्षीची पुस्तकं शोधणं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात, पण तिथे जायलाही अर्धा दिवस मोडतो. या ढिगातलं प्रत्येक काम चांगलंच आहे. प्रश्न एवढाच, की ते सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर का? पोळ्यांचं उदाहरण पुन्हा घ्या. संध्याकाळी तुम्ही कणीक भिजवून ठेवलीत, बाबांनी लाटायला घेतलं आणि शेवटी तुमच्यापैकी कुणी ओटा पुसला, तर आईचा पाऊण तास वीस मिनिटांवर येतो. रोजची पंचवीस मिनिटं, महिन्याचे दहा तासांहून जास्त. पैसे तेवढेच वाचले, २१०० च. पण बिल वाटलं गेलं. आणि हो, ‘तुम्ही’ म्हणजे फक्त ताई नव्हे. दादाच्या हातालाही कणीक तितकीच चिकटते!

तिसरा ढीग, करू नये अशी काटकसर. स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले बूट दोन महिन्यांत तळ सोडतात, मग पुन्हा खरेदी. स्वस्तातलं महागात पडतं ते असं. पण यातही एक प्रकार फार लपून असतो. तुमची फी वेळेवर भरली जाते, तुमचा चष्मा लगेच बदलतो. आणि बाबा मात्र तुटलेल्या चपलेला तिसऱ्यांदा टाके घालून घेतात. आई दाढ दुखते म्हणून लवंग धरते आणि दवाखाना ‘पगार झाल्यावर’ म्हणून पुढे ढकलते. घरात पैसे कमी पडले की मोठी माणसं पहिली कात्री स्वतःला लावतात, आणि तुम्हाला ते कळू देत नाहीत. दाढ मात्र पगाराची वाट बघत नाही. दुखणं वाढतं आणि खर्चही वाढतो. तुम्ही पैसे देऊ शकत नाही, खरं आहे. पण खर्चाची वही तुमच्याकडे असेल, तर तिच्या पहिल्या पानावर तुम्ही लिहू शकता, ‘आईचा दवाखाना’. आणि सहलीच्या आधी त्याचा नंबर लावा, असं स्वतःहून म्हणू शकता. घरातल्या मोठ्या माणसांना हे ऐकून काय वाटेल, ते मी सांगायला नकोच.

आता थोडं तुमच्या स्वतःच्या पैशांविषयी. वाढदिवसाला, दिवाळीला, मामाकडे गेल्यावर हातावर पडलेल्या नोटांचं काय करता? मातीचा गल्ला छानच, पण गल्ल्यातले पैसे वाढत नाहीत. वयाची दहा वर्षं पूर्ण झाली की पोस्टात तुमच्या स्वतःच्या नावाने खातं उघडता येतं. तिथे आवर्ती ठेव म्हणून एक योजना आहे. दरमहा कमीत कमी १०० रुपये, पाच वर्षं, म्हणजे ६० हप्ते. तुमचे भरलेले होतात ६०००, त्यावर व्याज वेगळं. आज सातवीत असाल तर बारावीच्या सुमाराला ती रक्कम हातात येते. शंभर रुपये तरी दर महिन्याला कुठून आणायचे? आधी खर्चाची वही बघा. कोपऱ्यावरच्या दुकानातलं वेफर्सचं पाकीट महिन्यातून किती वेळा आलंय ते मोजा. उत्तर बहुधा तिथेच सापडेल. सगळंच बंद करा असं मी म्हणत नाही. महिन्यातून एकदा चवीने खाल्लेली भेळ ही उधळपट्टी नव्हे. सगळ्या गोष्टींना नाही म्हणणं हा चिक्कूपणा. कशाला हो म्हणायचं ते आधी ठरवून बाकीच्यांना नाही म्हणणं ही काटकसर.

तर या आठवड्याचा गृहपाठ. एका कागदावर घरातल्या रोजच्या कामांची यादी करा. प्रत्येक कामापुढे ते कोण करतं आणि किती मिनिटं लागतात ते लिहा. घड्याळ लावून मोजा, अंदाजाने नको. मग प्रत्येक माणसाच्या मिनिटांची बेरीज करा. ज्याची बेरीज सगळ्यात मोठी, त्याच्याकडून एक काम स्वतःकडे घ्या. लहान असाल तर लसूण सोलणं, कडधान्य भिजत घालणं, बाटल्या भरून ठेवणं. मोठे असाल तर कणीक, कुकर, आठवड्याच्या बाजाराची यादी. एकच काम घ्या, पण पंधरा दिवस न सांगता करा. पंधराव्या दिवशी पुन्हा बेरीज करून बघा. पैसे किती वाचले हे कदाचित लगेच कळणार नाही, पण घरात कुणाचं तरी माणूस रात्री अर्धा तास लवकर झोपायला गेलेलं दिसेल.