पागोळ्यांचं पाणी कुठं जातं?

बालमित्रांनो, आज एक चूक सांगते. माझीच!

२०२४च्या उन्हाळ्यात आम्ही अंगणात शहाबादी फरशी बसवून घेतली. चिखल नको, झाडलोट सोपी. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि आमचं सगळं पाणी शेजारच्या आजींच्या पडवीत शिरलं. त्यांचं सरपण भिजलं. आजी भांडल्या नाहीत, पण आठ दिवस बोलल्याही नाहीत. (भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं!)

पुढच्या पावसात मी छत्री घेऊन अंगणात उभी राहिले. वहीत घर, न्हाणी, झाडं यांचा नकाशा काढला आणि पाणी धावेल तिकडे बाण काढत गेले. सगळे बाण आजींच्या दारात!

आता जरा गणित. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १ लिटर पाणी होतं. आमचं पत्र्याचं छप्पर ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद. म्हणजे २० मिलिमीटर पावसाचं ६०० लिटर पाणी. १५ लिटरच्या ४० बादल्या! अंगणाचं पाणी वेगळंच.

मग आजींच्या बाजूच्या फरशा उखडून तिथं चर खणला. उतार बरोबर आहे का, हे गवंडीकाकांनी पारदर्शक नळीत पाणी भरून दाखवलं. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं ना, त्यावरून कळतं. चराचं पाणी भिंतीपासून दहा फूट लांब शोषखड्ड्यात सोडलं. खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल. आत दगडगोटे, वर विटांचे तुकडे आणि खडी. रिकाम्या खड्ड्यात १००० लिटर मावलं असतं. दगड भरल्यावर साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच जागा उरते. म्हणून उरलेलं पाणी पुढे कर्दळीच्या वाफ्यात जातं.

खणण्याआधी हातभर खड्ड्यात पाणी ओतून पाहायचं बरं का! आमच्याकडे ते रात्रीत जिरलं. चिकण काळ्या मातीत दोन दोन दिवस तसंच राहिलं, तर शोषखड्ड्याच्या नादी लागू नका, चर सरळ झाडांकडे न्या. आणि संडासाच्या टाकीजवळ खड्डा मुळीच नको.

वाफ्यात लावायला अळूचे कंद आजींनीच आणून दिले. न्हाणीमागच्या कोपऱ्यात मात्र अजून पाणी साठतं. नकाशात तिथं मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. तुमच्या अंगणाचा नकाशा काढलात, तर बाणांसकट मला पाठवा हं!