शुगरकोटेड शत्रू

‘शुगरकोटेड’ हा शब्द आपल्या ऑफिसांमध्ये जरा जास्तच वापरला जातो. अप्रायझलच्या मीटिंगमध्ये बॉस आधी तीन वाक्यं कौतुकाची बोलतो आणि चौथ्या वाक्यात इन्क्रिमेंट कापतो, ते शुगरकोटिंग. पण बॉसच्या कितीतरी आधी ही आयडिया बॅक्टेरियांना सुचलेली आहे. आणि त्यांचं कोटिंग खरोखरच साखरेचं असतं!

हा विषय डोक्यात शिरला तो वहिनीच्या फोनमुळे. दादा-वहिनी असतात मालेगावला. (नाशिकवालं नव्हे हो, वाशिम जिल्ह्यातलं. हे मला पुण्यात दर वेळी सांगावं लागतं.) बाळ दीड महिन्याचं झालंय. वहिनी म्हणाली, ‘‘भाऊजी, इथं न्यूमोनियाची लस फुकट देऊन राह्यले. तुमच्या पुण्यात तर तिचेच हजारो रुपये घेतात म्हणे. मंग ही फुकटची तेवढी चांगली असन का?’’

प्रश्न रास्त आहे. ज्याचं बिल मोठं ते चांगलं, असं आपणही धरूनच चालतो की. पण उत्तर द्यायचं तर आधी त्या साखरेकडे जायला हवं.

न्यूमोकोकस नावाचा हा जंतू बऱ्याच लहान मुलांच्या नाकात गपगुमान बसलेला असतो. तो छातीत उतरला की न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला की मेनिंजायटिस. त्याच्या अंगावर साखरेच्या लांबलचक साखळ्यांचं जाकीट असतं. शास्त्रीय नाव पॉलिसॅकराइड. (डायबिटीसशी संबंध शून्य.) जाकिटाच्या रेसिपी शंभराहून जास्त, आणि प्रत्येक रेसिपी म्हणजे जंतूचा वेगळा प्रकार. या जाकिटामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना त्याला धड पकडताच येत नाही.

मोठ्या माणसाचं शरीर या साखरेविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं. दोन वर्षांखालच्या बाळाला ते नीट जमत नाही, आणि नेमकी तीच मुलं या जंतूला जास्त बळी पडतात. असं का, ते आपल्याला सरकारी ऑफिसच्या भाषेत पटकन कळेल. अँटिबॉडी बनवणारी बी पेशी म्हणजे क्लार्क. टी पेशी म्हणजे साहेब. साहेब प्रोटीनचे कागद वाचतात, साखरेचा कागद सहसा वाचतच नाहीत. सही नाही म्हणून फाइल पडून! अनुभवी क्लार्क सहीवाचूनही काम रेटतो, नवशिक्याला ते जमत नाही. बाळाकडे सगळे क्लार्क नवशिके.

मग उपाय? साखरेच्या कागदाला प्रोटीनचा कागद स्टेपल करायचा. बी पेशी साखर ओळखून अख्खी जोडी गिळते, साहेबांपुढे प्रोटीनचे तुकडे ठेवते, साहेब सही ठोकतात आणि साखरेची फाइल पास. वर रेकॉर्डलाही राहते, म्हणजे पुढच्या वेळी शरीराला शत्रू आठवतो. ही युक्ती एव्हरी आणि गोबेल या दोघांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १९२९ च्या सुमारास दाखवली होती. तिची लस होऊन बाळांपर्यंत पोचायला १९८७ उजाडलं. तीही आधी हिब नावाच्या दुसऱ्याच जंतूसाठी.

पुढची गोष्ट मात्र आपल्या हडपसरची. १९९६-९७ मध्ये आफ्रिकेत मेनिंजायटिसच्या साथीने सुमारे २५ हजार माणसं गेली. त्या जंतूचंही जाकीट साखरेचंच. पाथ संस्था आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पातून सिरम इन्स्टिट्यूटने साखर आणि धनुर्वाताचं निर्विष केलेलं प्रोटीन जोडून मेनआफ्रिव्हॅक ही लस बनवली. किंमत अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून सुरुवात झाली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ प्रकाराची एकही खात्रीशीर केस सापडलेली नाही. ट्रॅफिकमध्ये मगरपट्ट्याला अडकल्यावर हडपसरला शिव्या घालताना एवढं तरी आठवावं.

त्याच सिरमने डिसेंबर २०२० मध्ये न्यूमोसिल आणली, न्यूमोकोकसच्या दहा जाकिटांविरुद्ध. तोवर सरकारी न्यूमोकोकल लस पाचच राज्यांत होती आणि महाराष्ट्र त्यात नव्हता. म्हणजे पुण्यातलं बाळ क्रेडिट कार्डावर लस घेत होतं आणि वाशिमचं घेत नव्हतं, इतकं सरळ. २०२१ च्या बजेटमध्ये ती देशभर द्यायची घोषणा झाली. दरवर्षी ५० हजारांहून जास्त मुलांचे प्राण वाचतील, असं तेव्हा सांगण्यात आलं.

तर वहिनी, फुकटची लस कमअस्सल नाही. महागड्या ब्रँडमध्ये तेरा किंवा त्याहून जास्त प्रकार असतात, हे खरं. पण न्यूमोसिलचे दहा प्रकार आपल्याकडचं आणि आफ्रिकेतलं चित्र बघून निवडलेले आहेत. सगळे न्यूमोनिया कुठलीच लस थांबवत नाही, काही तर व्हायरसचे असतात. माझ्या मते आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहेत तिन्ही डोस: सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने. घोळ होतो तो तिसऱ्यात. मधे सहा महिन्यांची गॅप, त्यात मानोऱ्याकडच्या तांड्यावरून कुणी कामासाठी पुण्या-मुंबईकडे निघालेलं असतं. कार्ड सोबत ठेवलं तर कुठल्याही सरकारी दवाखान्यात पुढचा डोस मिळतो, हे आशाताई सांगतात. तुमच्या सोसायटीच्या साइटवर काम करणाऱ्या बाईला ते तुम्हीही सांगू शकता.

आणि बाळ नसलेल्या, पाणीपुरीवर जगणाऱ्या बॅचलर मंडळींसाठी: टायफॉइडच्या जंतूचंही जाकीट साखरेचं असतं. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये एक लाखाहून जास्त मुलांना त्याची प्रोटीन जोडलेली लस दिली. मोठ्यांनाही ती चालते. जुनी नुसत्या साखरेची लस दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. डॉक्टरांकडे गेलात तर यातली कुठली देताय, एवढं विचाराच.